टायबॅक झालं, तरी घोडा पुन्हा वाजतोय?

"डॉक्टर, टाका सुटला."

फोन उचलला की 'हॅलो'च्या आधी हे वाक्य. पुण्यात पावसाळी रेसिंगचा हंगाम सुरू झाला, सकाळच्या गॅलपचा जोर वाढला, की असे फोन येऊ लागतात. या वेळचा घोडा सहा वर्षांचा कुमैत (तांबूस-तपकिरी), 16.2 हँड म्हणजे साडेपाच फूट उंच, मार्चमध्ये टायबॅक, म्हणजे घशातली श्वासाची वाट धाग्याने उघडी बांधून ठेवायचं ऑपरेशन, झालेला. जूनपर्यंत एकदम शांत. जुलैच्या मध्यावर तिसऱ्या फर्लांगापासून घशातून आवाज सुरू. मालकांनी निदान करून टाकलं होतं, उपचारही ठरवला होता. माझ्याकडून फक्त दुसऱ्या ऑपरेशनची तारीख हवी होती.

मी विचारलं, "आवाज श्वास आत घेताना येतो की सोडताना?"

पलीकडे शांतता. मग, "आवाज तो आवाजच ना हो."

तर आवाज तो आवाजच नसतो. ऑपरेशननंतर ज्यांचा घोडा पुन्हा वाजायला लागलाय, खोकतोय, किंवा ज्याच्या नाकपुडीतून हिरवं पाणी येतंय, अशांसाठी हे लिहितोय.

घशात नेमकं केलंय काय

घोडा तोंडाने श्वास घेत नाही. त्याचा मऊ टाळू एपिग्लॉटिसच्या, म्हणजे स्वरयंत्राच्या तोंडावरच्या झाकणाच्या, खाली घट्ट बसलेला असतो, त्यामुळे सगळी हवा नाकातूनच. उभा असताना तो मिनिटाला 60-70 लिटर हवा आत घेतो, भरधाव पळताना हा आकडा 1500 लिटरच्या घरात जातो. एवढी हवा स्वरयंत्राच्या दारातून आत ओढायची तर दाराची दोन्ही पाखं पूर्ण बाजूला व्हायला हवीत. ही पाखं म्हणजे एरिटेनॉइड कूर्चा. त्यांना उघडणारा स्नायू प्रत्येक बाजूला एकच, आणि त्याला हुकूम देणारी नसही एकच.

डाव्या बाजूची ही नस विचित्र वाटेने जाते. मेंदूकडून मानेतून खाली छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा मानेतून वर घशाशी येते. मोठ्या घोड्यात ही वाट अडीच मीटरच्या आसपास भरते. इतकी लांब नस टोकाकडून झिजत येते, स्नायू सुकतो, आणि डावं पाख आत लोंबायला लागतं. हवा आत ओढली की ते हवेसोबत आत खेचलं जातं आणि तो करवतीसारखा आवाज येतो. इंग्रजीत अशा घोड्याला रोअरर म्हणतात, आमच्या तबेल्यांत 'घोडा वाजतो' म्हणतात. उंच घोड्यांत हे जास्त. माथेरानची तट्टं दिवसभर माणसं आणि सामान घेऊन चढतात, पण त्यांच्यात असा घोडा क्वचित. सारंगखेड्याच्या बाजारातून रुबाबदार उंच घोडा आणणाऱ्याने मात्र त्याला आधी पळवून ऐकावं, मग पैसे मोजावेत.

यावर पहिला चालणारा इलाज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाला. अमेरिकेत कॉर्नेलचे विल्यम्स आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॉबडे यांनी स्वररज्जूच्या बाजूला असलेल्या खिशाचं अस्तर काढून टाकायची पद्धत पसरवली. इंग्रजीत आजही अशा घोड्याला 'हॉबडे केलेला' म्हणतात. खिशात खडबडीत तोंडाचं अवजार घालून ते फिरवायचं, अस्तर त्यावर गुंडाळलं की उलटं करून बाहेर ओढायचं आणि कापायचं. टायबॅक त्याच्या बऱ्याच नंतरचं. 1970 मध्ये मार्क्स आणि सहकाऱ्यांनी ते मांडलं. जबड्याच्या डाव्या कोपऱ्यामागून आत शिरून, सुकलेल्या स्नायूच्या जागी जाड न विरघळणारा धागा टाकायचा. त्याचं एक टोक खालच्या क्रायकॉइड कूर्चेच्या मागच्या काठात, दुसरं एरिटेनॉइडच्या टोकदार उंचवट्यात. धागा ओढला की पाख बाजूला जातं आणि तसंच राहतं.

'तसंच राहतं' यातच पुढच्या सगळ्या तक्रारी आहेत. निरोगी घोड्यात हे दार श्वासाला उघडतं आणि घास गिळताना मिटतं. आपण ते अर्धवट उघडं ठेवून खिळा ठोकलाय. फार उघडं ठेवलं तर दाणा-पाणी श्वासनलिकेत जाणार, कमी उघडं ठेवलं तर आवाज राहणार. शर्यतीच्या घोड्याला जितकं उघडं लागतं तितकं रोजच्या सवारीच्या घोड्याला लागत नाही. चांगला सर्जन म्हणूनच पूर्ण उघडीच्या थोडं अलीकडे थांबतो. हल्ली हे ऑपरेशन बऱ्याच ठिकाणी घोडा उभा ठेवून, गुंगी देऊन, नाकात दुर्बीण ठेवून करतात. सर्जन धागा ओढतो, पडद्यावर पाख सरकताना दिसतं, हवं तिथे गाठ. शिवाय पूर्ण भूल देऊन आडवं पाडण्याचा धोका टळतो. घोड्यात तो शंभरात एकाच्या आसपास जिवावर बेततो, माणसापेक्षा कितीतरी जास्त.

आधी नीट ऐका

दुर्बिणीआधी कान. गॅलपमध्ये घोडा एका झेपेला एक श्वास घेतो, आणि श्वास पायांच्या ठेक्याशी बांधलेला असतो. पुढचे पाय टेकून अंगाचा भार त्यांच्यावर येतो तेव्हा श्वास बाहेर पडतो. पुढचे पाय सुटून पुढे झेपावतात तेव्हा श्वास आत येतो. रेलिंगपाशी उभे राहा, डोळे पायांवर ठेवा, कान घशाकडे. आवाज पाय झेपावताना आला तर तो आत घेण्याचा, म्हणजे संशय स्वरयंत्रावर. पाय टेकताना घर्रर्र, घशात पाणी खदखदल्यासारखं झालं तर तो सोडण्याचा, आणि तो बहुतेक मऊ टाळूचा. दुडकीत हा ठेका जुळत नाही, त्यामुळे दुडकीत ऐकून निष्कर्ष काढू नका.

पहिल्याच दिवशी जमणार नाही. मलाही दोन हंगाम लागले. सोपा उपाय म्हणजे व्हिडिओ: घोडा बाजूने जाताना पायही दिसतील असा घ्या, मग घरी चहा घेत पाच वेळा ऐका. स्वाराला विचारा. त्याच्या मांडीखाली सगळं कळत असतं, पण त्याला कुणी विचारत नाही. नेमकं हे विचारा: आवाज पहिल्या झेपेपासून आहे की दमल्यावर? आवाज आल्यावर वेग पडला का? घोड्याने मान वर करून घास गिळल्यासारखं केलं आणि मग आवाज एकदम थांबला का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर तुमचा टाका बहुतेक जागेवर आहे.

एक अपवाद आधीच सांगतो. स्वररज्जू आणि खिसा काढण्यासाठी गळ्याखालून छेद घेतला असेल, तर ती जखम मुद्दाम उघडी ठेवतात आणि ती आतून भरत येते. साधारण तीन आठवडे. तेवढ्या दिवसांत तिथून हवा जाते आणि शिटीसारखा, बुडबुड्यांसारखा आवाज येतो. तो आजार परतल्याचा आवाज नव्हे. ही जखम दिवसातून दोनदा कोमट मिठाच्या पाण्याने पुसा, खालच्या कातडीला व्हॅसलीन लावा म्हणजे ओघळणाऱ्या पाण्याने कातडी सोलत नाही, आणि पावसाळ्यात माशी बसू देऊ नका. एकदा मी अशाच जखमेतून चिमट्याने अळ्या काढल्यात. सईस म्हणाला, "काल तर काहीच नव्हतं." खरंही असेल. माशीला एक दुपार पुरते.

पहिल्या दीड महिन्यातच आवाज परतला

इथे टाक्यावरचा संशय रास्त आहे. एडिंबरोच्या डिक्सन आणि सहकाऱ्यांनी 200 घोड्यांचा पाठपुरावा 2003 मध्ये छापला. ऑपरेशननंतर पाख किती उघडं आहे याची 1 ते 5 अशी श्रेणी त्यांनी लावली, 1 म्हणजे सर्वांत जास्त उघडं आणि 5 म्हणजे उघडच नाही. पहिल्या दिवशीची उघड सहा आठवड्यांत बऱ्याच घोड्यांत कमी झालेली आढळली. म्हणजे थोडं सैल पडणं हा अपघात नाही, ते गृहीतच धरायचं असतं.

कारण साधं आहे. धागा तुटत नाही, धागा कापतो. कूर्चा म्हणजे कडक चीज समजा. त्यातून ताणलेली तार गेली आहे आणि घोडा दिवसातून शेकडो वेळा गिळतो. प्रत्येक घोटाला स्वरयंत्र हलतं, तार किंचित आत रुतते. तरुण घोड्यात कूर्चा मऊ, म्हणून तिथे जास्त रुतते. खोकला असेल तर आणखी. सर्जन दोन धागे टाकतात, धाग्याची जागा बदलतात, सांधा खरवडून तो जखडेल असं बघतात. हे सगळं याच एका गोष्टीसाठी.

अशा वेळी दोन गोष्टी हाताशी लागतात: पहिल्या दिवशीच्या दुर्बिणीचं चित्र आणि आजचं चित्र. पहिल्या दिवशीचं तुमच्याकडे नसेल तर ते मागून घ्या, फोनमध्ये ठेवा, तबेला बदलला तरी सोबत न्या. आवाज परतल्यावर सगळ्यांत जास्त खोळंबा हे एक चित्र नसल्यामुळे होतो. आजचं चित्र गुंगी न देता घ्यायचं. गुंगीत स्वरयंत्र ढिलं पडतं आणि चांगलं पाखही खराब दिसतं. वरच्या ओठाला पिळा लावून घोडा उभा राहत असेल तर तेवढ्यावर भागवा.

खरंच सैल झालं असेल तर काय? पहिल्या काही दिवसांत कळलं तर पुन्हा ओढता येतं. त्यानंतर आत चिकटणं सुरू होतं आणि दुसरं टायबॅक जिकिरीचं होतं. होतं, पण पहिल्याइतकी खात्री देता येत नाही. थोडंच सैल पडलं असेल, पाख पळताना पूर्ण आत कोसळत नसेल आणि स्वररज्जू अजून शिल्लक असेल, तर फक्त तो काढून बऱ्याचदा काम निभतं. अगदीच कोसळत असेल तर एरिटेनॉइडचा तुकडा काढणं हा शेवटचा रस्ता. त्याने हवा मोकळी होते, पण आवाज थोडा राहतो आणि ठसक्याचा धोका वाढतो. नसेचंच रोपण करून सुकलेला स्नायू पुन्हा जिवंत करायची पद्धतही आहे. मानेतली दुसरी एखादी नस स्नायूत वळवतात. निकाल दिसायला महिने जातात, म्हणून शर्यतीच्या मालकांना ती रुचत नाही.

आवाज आहे, पण घोडा झकास पळतोय

यावर मालकांशी माझं नेहमी वाजतं. टायबॅकने हवा मोकळी होते. आवाज कमी होतो तो मुख्यतः स्वररज्जू आणि खिसा काढल्याने. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त टायबॅक झालं असेल, तर पाख मागे बांधलेलं असूनही सैल स्वररज्जू हवेत फडफडतो, आवाज येतो, आणि घोड्याला त्याचं काहीच नसतं. शर्यतीचा घोडा वेळेत पळतोय, दम लवकर बसतोय, शेवटच्या फर्लांगात पाय टाकतोय, तर आवाज सोडून द्या. सवारीच्या, ड्रेसाजच्या (चाल-कवायतीच्या स्पर्धेच्या) घोड्यात मात्र परीक्षकाच्या कानावर आवाज पडतो. तिथे स्वररज्जू काढून घेणं योग्य. ते हल्ली लेझरने नाकातून, घोडा उभा ठेवून होतं.

उलटंही घडतं. आवाज नाही, म्हणून सगळे खूश, आणि घोडा मात्र दमतोच आहे. स्वररज्जू काढला आणि पाख सैल पडलं, तर आवाज दबलेला राहू शकतो, वाट मात्र अरुंदच. कानावर पूर्ण विसंबू नका असं म्हणतो ते यासाठी.

ठसका, खोकला, नाकातून हिरवं

ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खाताना खोकणं बऱ्याच घोड्यांत होतं. घोड्याला नवीन दाराशी जुळवून घ्यायचं असतं, सूजही असते. घाबरू नका, पण त्याला मदत करा. गव्हाण उंच असेल तर तिथे काही ठेवू नका, सगळं जमिनीवर. गवत भिजवून, दाणा ओला करून. पाण्याची बादलीही खाली. मान खाली असताना गिळलं की घास श्वासनलिकेकडे कमी घसरतो. उंचावर टांगलेली गवताची जाळी अशा घोड्याला पुरती वाईट. एवढं केल्यावर निम्म्या तक्रारी आपोआप विरतात, हा माझा अंदाज, आकडेवारी नव्हे.

आता खोकला महिन्यानंतरही टिकला, किंवा खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांनी नाकपुडीत हिरवट, चाऱ्याचे तुकडे असलेलं पाणी दिसलं, तर थांबू नका. दोन्ही नाकपुड्यांच्या आत बोटाने पुसून बघा आणि बोट हुंगून बघा. गोडसर चाऱ्याचा वास साधा, कुजका वास छातीपर्यंत गेल्याची खूण. सोबत ताप, मलूलपणा असेल तर अन्न फुप्फुसात उतरलंय असं धरून त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

कारण बहुतेक वेळा पाख फार मागे ओढलं गेलं, हेच. क्वचित अन्ननलिकेच्या तोंडाजवळचे स्नायू ऑपरेशनच्या जखमेत ओढले जातात आणि गिळणंच बिघडतं. धागा काढून पाख थोडं पुढे येऊ देता येतं, पण हे लवकर केलं तर उपयोग. सांधा चिकटल्यावर धागा काढला तरी पाख तिथेच बसून राहतं. उरलेल्या स्वररज्जूत भराव टोचून फट कमी करणं हाही एक उपाय आहे.

पण एक फसगत लक्षात ठेवा. पुण्या-मुंबईकडच्या पावसाळ्यात गवताच्या गंजीला बुरशी लागते, तबेल्यात दमट कोंदट हवा असते, आणि टायबॅक न झालेले घोडेही खोकतात. तो दमा आहे, घशाचा संबंध नाही. फरक असा: घशाचा खोकला खाता-पिताना, दम्याचा खोकला गवत झटकल्यावर, काम सुरू करताना, पहाटे तबेला झाडताना. दोन्ही एकत्रही येतात आणि दम्याचा खोकला टाका सैल करतो. गवत भिजवलं की दोघांनाही बरं वाटतं, म्हणून त्यावरून निदान करू नका.

ऑपरेशन बरोबर, पण दुखणंच दुसरं

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उभ्या घोड्याच्या घशात दुर्बीण घालून दिसतं ते आणि भरधाव घोड्याच्या घशात घडतं ते, यात फार अंतर असू शकतं. टायबॅक झालेल्या आणि पुन्हा वाजणाऱ्या घोड्यांना पळताना बघितलं की कित्येकदा डावं पाख स्थिर असतं आणि भलतंच काहीतरी कोसळताना सापडतं. कधी उजवा स्वररज्जू. कधी एपिग्लॉटिसपासून पाखापर्यंत जाणारी पडद्यासारखी घडी आत वळते. ती लेझरने कापतात आणि काम साधतं. कधी एपिग्लॉटिसच्याच खालचा पडदा उलटून त्याच्यावर पिशवीसारखा चढतो. तोही मधोमध चिरला की सुटतो.

आणि बऱ्याचदा मऊ टाळू. तो खालून निसटतो, एपिग्लॉटिसच्या वर येतो आणि श्वास सोडताना पालासारखा फडफडतो. घोडा झपाझप चालला असताना एकदम ब्रेक लावल्यासारखा होतो. गिळतो, टाळू जागेवर जातो, पुन्हा पळतो. जॉकी म्हणतात घोड्याने जीभ गिळली. जीभ गिळत नाही कुणी, पण वर्णन मात्र बरोबर. इथे टायबॅकचा काहीही उपयोग नाही. पहिला इलाज तंदुरुस्ती आणि घशाची सूज उतरवणं. मग जीभ बांधणं, तोंड मिटून ठेवणारी नाकपट्टी. शर्यतीत काय चालतं ते ट्रेनरकडून आधीच विचारून घ्या. एवढ्याने भागलं नाही तर टाय-फॉरवर्ड, म्हणजे स्वरयंत्र धाग्याने पुढे आणि वर ओढून बांधणं. ही कॉर्नेलच्या ड्युशार्म यांच्या गटाची देणगी. नावं सारखी असल्याने गोंधळ होतो. टायबॅकमध्ये एक पाख मागे ओढतात, टाय-फॉरवर्डमध्ये अख्खं स्वरयंत्र पुढे. मालकांनी कागदावर कुठलं ऑपरेशन लिहिलंय ते एकदा नीट वाचावं. माझ्याकडे दुसरंच सांगत आलेले आहेत.

उजवं पाख हलत नसेल तर मी आधी थांबतो. झिजलेल्या नसेचा आजार जवळजवळ नेहमी डावीकडचा असतो. उजवीकडे दिसलं तर जन्मजात कूर्चेचा दोष असू शकतो, आणि तिथे टायबॅकचा धागा अडकवायला जागाच नसते. मानेत दिलेलं इंजेक्शन शिरेबाहेर गेलं, विशेषतः फिनाइलब्युटाझोनसारखं जळजळीत औषध, तर शेजारची नस जळते. मग ज्या बाजूला टोचलं ती बाजू बंद. घशाच्या वरच्या हवेच्या पिशवीतली बुरशीही नस खाते, आणि तिथे आधी नाकातून रक्त येऊ शकतं. रक्त दिसलं तर घोडा पळवू नका, थोडंच असलं तरी. त्या पिशवीच्या भिंतीतून मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी जाते.

दोन्ही पाखं एकदम बंद झाली, घोडा उभ्यानेच घोरतोय, नाकपुड्या फेंदारल्यात, घाम फुटलाय, तर हे सगळं वाचणं सोडा आणि डॉक्टरांना बोलवा. मानेच्या वरच्या एक-तृतीयांश भागात मध्यरेषेवर छेद घेऊन नळी घालावी लागते, आणि तिथे मिनिटं मोजावी लागतात. डॉक्टर येईपर्यंत घोड्याला सावलीत उभं ठेवा, आजूबाजूची माणसं हटवा. घाबरलेला घोडा जास्त हवा ओढतो आणि जास्त कोंडतो.

पळताना कसं बघायचं

लगामाच्या पट्ट्यांना बसवलेली छोटी दुर्बीण मिळते. तिची नळी नाकातून घशापर्यंत, स्वार वर, आणि चित्र नोंदवलं जातं. जमेल तिथे हीच करा. न जमलं तर गॅलपनंतर लगेच, घोडा धापा टाकत असताना बघणं. हे कमी विश्वासाचं, कारण तोवर बरंच काही जागेवर परतलेलं असतं. उभ्या घोड्याच्या दोन्ही नाकपुड्या मिनिटभर बंद धरून आतली ओढ वाढवायचीही एक युक्ती आहे, पण ती डॉक्टरांनीच करावी.

आणखी एक, हाताने. कानामागून जबड्याच्या कोपऱ्याखाली बोटं घालून स्वरयंत्राचा वरचा उंचवटा दोन्ही बाजूंनी चाचपा. डावीकडे स्नायू सुकलेला असेल तर बोटाला धारदार टोक लागतं. उजवीकडे तेच टोक मांसाखाली लपलेलं. ऑपरेशन झालेल्या घोड्यात तिथेच बोटभर लांबीचा, केस न उगवलेला व्रण सापडतो. घोडा विकत घेताना ही जागा बघायला विसरू नका. विकताना, झालंय ते सांगून विका.

तो कुमैत? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुर्बीण लावून चार फर्लांग पळवला. डावं पाख मार्चमधल्या चित्रात जिथे होतं तिथेच, जराही हललेलं नाही. तिसऱ्या फर्लांगाशी टाळूला सुरकुत्या पडू लागल्या, मग तो सर्रकन वर आला आणि तोच घर्रर्र आवाज. घोड्याने गिळलं, आवाज बंद. मे-जूनमध्ये खुरात पू झाल्याने तो पाच आठवडे तबेल्यात उभा होता, हे मला तेव्हा कळलं. दम गेला होता आणि घसाही लाल होता. दुसरं ऑपरेशन नाही. दहा दिवस घशाचा उपचार, मग हळूहळू चढवत नेलेलं काम, आणि गॅलपला जीभ बांधलेली. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी रेलिंगपाशी मालक उभे होते, डोळे पायांवर. घोडा समोरून गेला.

"सोडताना थोडा आहे," ते म्हणाले. "घेताना नाही."